नमुना क्रमांक सात

हाचिनोहेच्या बंदरामागे आमचा डबाबंद माशांचा कारखाना,
तिथे मी एकतीस वर्षं बांगड्याची चव घेते.
चव घेते म्हणजे घास जिभेवर फिरवते, थुंकते,
कोमट पाण्याने चूळ भरते
आणि कागदावर एक आकडा लिहिते.
एवढ्यावर घर चाललं.

मग त्सुकुबाहून पत्र आलं.
अंतराळात न्यायचा बांगडा हवा होता,
मिसोमध्ये शिजवलेला, काट्यासकट मऊ,
आणि अट अशी की रस्सा उडता कामा नये:
चमचा उलटा केला तरी चिकटून राहावा,
हट्टी पोर आईच्या कमरेला राहतं तसा.
आम्ही कुझूची खळ घालून पाहिली.
पहिला नमुना ओघळला. दुसऱ्याचा गोंद झाला.
तिसरा चाखून कुरामोची साहेब म्हणाले,
हा भिंतीवर पोस्टर लावायला ठेवा.

कुणाला सांगितलं नव्हतं मी:
त्याआधीच्या हिवाळ्यात ताप आला, उतरला
आणि जाताना माझं नाक घेऊन गेला.
म्हणजे नाक जागच्या जागी. वास तेवढा गेला.
वासाशिवाय समुद्र नुसता ओला असतो.
मिसो म्हणजे खारट चिखल,
आणि भात शिजला की करपला
हे मी वाफेचा रंग बघून ओळखायचे.
चव घेणारी बाई, आणि वास नाही.
कळलं असतं तर कारखान्यात
मला नाक कुठे राहिलं असतं?

त्सुकुबाच्या मुलाने फळ्यावर चित्र काढलं:
तिथे रक्त डोक्याकडे चढतं, चेहरा सुजतो,
नाक चोंदतं, न संपणाऱ्या सर्दीसारखं.
वाफ वर जात नाही,
कारण वर असं काही नसतंच.
जेवण पुठ्ठ्यासारखं लागतं, तो म्हणाला.
सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.
मी लिहिलं नाही.
मला पाठ होतं.

सातवा नमुना मी एकटीने केला, शनिवारी.
आलं दुप्पट. मिसो मुठीने.
शेवटी सान्शोचे दाणे कुटून,
कारण झिणझिण्यांना नाक लागत नाही.
आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा
घास थुंकायचा विसरले.
सोमवारी पोरींनी तोंडं वाकडी केली.
"फुसाए-सान, हात जड झाला हं तुमचा."
मी म्हटलं, जाऊ दे गं, एक तरी खारट पाठवू.

परवा इवाकुरा-सान आल्या, एकशे नव्वद दिवस वर राहून.
अजून जपून चालत होत्या, निसरड्या बर्फावरून चालावं तशा.
सगळ्यांपुढे सातवा डबा फोडला, एक घास घेतला
आणि पाणी मागितलं.
"इथे फारच खारट लागतो हो," त्या हसल्या, जरा शरमल्या.
"तिथे हाच पुरवून पुरवून खाल्ला.
एका रात्री खिडकीपाशी तरंगत होते,
खाली काळा समुद्र, त्यावर गावापेक्षा उजळ ठिपके.
माकूळ पकडणाऱ्या होड्या. आमच्या वडिलांची होती तसली.
चमचा तोंडात घातला
आणि जिभेला झिणझिण्या आल्या, पार कानापर्यंत.
लांबून कुणी घरातलं नाव घेऊन हाक मारावी, तसं."

साहेब फोटोसाठी टाय सारखा करत होते.
मी विचारलं,
डब्याच्या तळाला रस्सा राहायचा, त्याचं काय करायचात?
त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं,
मग आवाज खाली आणून म्हणाल्या,
"बोटाने. नियमात बसत नाही."

उरलेला डबा मी घरी आणला.
भात वाढला, त्यावर वाफ होती.
बाहेर होड्यांचे दिवे एकेक करून लागत होते.
रस्सा तळ सोडेना.
चमचा बाजूला ठेवला
आणि बोट घातलं.